करिमाचे हात आणि मनोऱ्यावरचा अँटेना

मित्रांनो, माझ्याकडे पाहून मला कुणी म्हातारा म्हणणार नाही. निरवांगीच्या शिवारातल्या लोखंडी मनोऱ्यावर मला चढवलं, त्याला आत्ता कुठे तीन पावसाळे झाले. पण आमच्या कुळात तीन वर्षं म्हणजे निम्मं आयुष्य. तेव्हा अर्ध्या वयाचा एक अँटेना आपली हकिगत सांगतो आहे, असं समजा.

माझं अंग राखाडी आणि दारापेक्षा थोडं लहान. पाठीवर उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पातळ पात्या, आणि पोटात बोटाएवढ्या चिमुकल्या अँटेनांच्या रांगाच रांगा. या साऱ्यांनी मिळून लाटा अशा सोडायच्या, की ज्याच्या हातात फोन आहे त्याच्याच दिशेने त्या नेमक्या जाव्यात. कारखान्यात एका विचित्र खोलीत माझी परीक्षा झाली. भिंतींना निळ्या फोमचे सुळके होते आणि तिथे कसलाही प्रतिध्वनी उमटत नव्हता. मी पहिल्या झटक्यात उत्तीर्ण झालो. तेव्हा मला वाटलं, जगात आता मला अडवणारं काही नाही.

सौरभ नावाच्या तंत्रज्ञाने मला दोराने वर ओढलं आणि नटबोल्ट आवळून बसवलं. माझ्या खाली जुने अँटेना होते. त्यांच्या लाटा लांब पल्ल्याच्या, घराघरांत शिरणाऱ्या, पण त्यांची वाट अरुंद. आवाज जायचा, संध्याकाळी गर्दी झाली की चित्र मात्र रखडायचं. माझी वाट रुंद. सुरुवातीला गावाने माझं फार कौतुक केलं.

माझं वैगुण्य मला पुढे कळलं. माझ्या लाटा फार उच्च वारंवारतेच्या. त्या सरळ रेषेत धावतात, पण लवकर थकतात. पत्रा आला की परत फिरतात, आणि ओल्या पानांच्या गर्दीत तर जिरूनच जातात. माझ्या समोरच दूध संकलन केंद्राचं पत्र्याचं शेड होतं, आणि शेडपुढे विजयसिंह आबांचा कडुनिंब. दर पावसाळ्यात तो हातभर वाढायचा. लोक मग मलाच शिव्या द्यायचे.

त्या शेडमध्ये समिना दुधाचं फॅट मोजायची. तिची आई करिमा जन्मापासून बहिरी. ती शाळेत गेली नव्हती, लिहिणं ठाऊक नव्हतं. मायलेकींनी हातवाऱ्यांची आपली एक भाषा घरातच घडवली होती, आणि ती पुरती समजणारं समिनावाचून जगात दुसरं कुणी नव्हतं. करिमा बारामतीला बहिणीकडे गेली, की दोघी फोनवर एकमेकींचे हात बघत बोलायच्या. ते हात मी वाहून आणायचो.

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. दुपारी सर पडून गेली होती, कडुनिंब निथळत होता. चित्र तुटतं म्हणून समिनाने तक्रार केली होती, ती बघायला सौरभ शेडच्या दारात फोन धरून उभा होता. एवढ्यात समिनाचा मावसभाऊ दानिश याचा बारामतीच्या दवाखान्यातून व्हिडिओ कॉल आला. करिमाच्या पायात काटा मोडून पाय सुजला होता, ताप चढला होता.

"आपा, करिमाखाला इंजेक्शन देऊ देत न्हाय. सारखी हात झटकतीय. डॉक्टर इचारत्यात, ती म्हणतीय काय?"

आवाज नीट आला. चित्रात करिमाने दंडाला चिमटा काढल्यासारखं केलं, आणि तिथेच चित्र थिजलं. पुढचे हात माझ्याकडून निघाले होते, पण पानांत हरवले.

"सुईला भितीय ती," समिना म्हणाली. "हात धर तिचा, आन् देऊ दे."

"ताई," सौरभ म्हणाला, "चित्र आडकलंय तुमचं. पुरतं बघितलं का त्यास्नी? कडुनिंबाच्या पल्याड पाटाच्या भरावावर चला. तितनं अँटेना समोर हाय."

समिना फोन घेऊन पळतच भरावावर गेली. मी तिला गाठलं. चित्र लख्ख झालं.

करिमाने पुन्हा दंडाला चिमटा काढला. मग दोन्ही हातांनी गळा आवळला, गाल फुगवले, आणि तळहात गुडघ्याच्या उंचीला धरला. म्हणजे, तू एवढी होतीस तेव्हा.

समिना फोनमध्ये ओरडली, "दानिश! थांबीव! सुई टोचू नगं! डॉक्टरबाईस्नी दे फोन!"

समिना चार वर्षांची असताना असंच एक इंजेक्शन दिल्यावर करिमाचा गळा सुजला होता, श्वास कोंडला होता. इंदापूरला नेलं म्हणून ती वाचली. डॉक्टरबाईंनी ते ऐकलं आणि सिरिंज ट्रेमध्ये ठेवून दिली. त्या विचारत गेल्या, करिमाचे हात सांगत गेले, समिना बोलत गेली. औषध बदललं. चार दिवसांनी ताप उतरला.

मी मात्र सुन्न होतो. त्या अर्ध्या चित्रापायी केवढा घात झाला असता! कुठे गेला होता माझा तोरा?

हे कळताच विजयसिंह आबा कुऱ्हाड घेऊनच आले. "पोरी, आजच पाडतो ह्ये झाड. माणसापरीस झाड मोठं हाय व्हय?"

"न्हाय आबा," समिना म्हणाली. "दूध घिऊन लोकं ह्याच्याच सावलीला उभी ऱ्हात्यात. झाड न्हाय हलायचं, पर त्यो वरचा डबा हलंल न्हवं?"

डबा! मला लागलं, पण तिचं खरं होतं. सौरभने वरिष्ठांकडे पंधरा दिवस पाठपुरावा केला आणि मला मनोऱ्याच्या दुसऱ्या कोपऱ्याच्या खांबावर, तेवढ्याच उंचीला बसवलं. तिथून कडुनिंबाच्या कडेने मला शेडची पडवी दिसते. पत्र्याखाली मी आजही पोहोचत नाही. समिना पडवीत येऊन बोलते.

बरी झाल्यावर करिमा लंगडत मनोऱ्याखाली आली. डोळ्यांवर हाताची सावली धरून तिने वर पाहिलं आणि माझ्याकडे बघून हात हलवले. इतके दिवस तिचे हात मी नेले, पण त्यांचा अर्थ मला कधी कळला नाही. तेव्हाही कळला नाही.

"काय म्हणत्यात मावशी?" सौरभने विचारलं.

समिना हसली, मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "इचारतीय, एवढ्या उनात त्यो एकलाच वर असतोय, त्याची कुणी इचारपूस करतं का?"

सौरभ हसला नाही. त्याने कमरेला दोर बांधला, वर आला आणि फडक्याने माझ्या पाठीवरची धूळ पुसू लागला.

मित्रांनो, आमच्या केबली तोडू नका, आमच्यावर दगड भिरकावू नका, एवढं तर मागतोच. पण एक मागणं त्याहून मोठं आहे. कुणाचं म्हणणं तुमच्यापर्यंत तुटक आलं, तर उत्तराची घाई करू नका. उठा, चार पावलं पुढे जा आणि त्याच्या समोर उभे राहा. मला इथे नटबोल्टांनी आवळलं आहे, ती चार पावलं मला चालता येत नाहीत. तुम्हाला येतात.