खासगी खिडकीतले जबडे

सासऱ्यांचा फोन आला तेव्हा जावई शाळेच्या संगणक कक्षात टेबलाखाली घुसून वायर ओढत होता. शाळेतले सगळे संगणक त्याच्या जिवावर चालायचे. सासरे कृत्रिम दात बनवायचे. आयुष्य लोकांच्या तोंडात घालवलेला माणूस, पण स्वतःच्या तोंडाला लगाम नव्हता.

"जावईबापू, तुमच्या फुकटच्या मशीनने हात टेकले. दंत रुग्णालयाची साइट उघडेना. म्हणते, ब्राउझर जुना आहे."

"जुना कसा असेल बाबा? दर आठवड्याला आपोआप अपडेट होतो."

"ते तिला समजवा. मला एक वाजायच्या आत करारावर संमती द्यायचीय. नाही दिली तर पुढच्या वर्षीचं काम दुसऱ्या लॅबला. तिथल्या बाई म्हणाल्या, साइट आपोआप बंद होते, त्यांच्याही हातात काही नाही."

रुग्णालयाचं काम गेलं तर लॅबमध्ये उरणार काय, हे जावयाला ठाऊक होतं. फोनवरून संमती देण्याचीही सोय नव्हती. ती साइट फक्त लॅबच्या संगणकालाच ओळखायची. आणि त्या संगणकावर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली टाकली होती ती त्यानेच. जुनं मशीन भंगारात निघालं होतं, तेव्हा तो छातीठोकपणे म्हणाला होता, "बाबा, हे फुकट आहे आणि स्वतःची काळजी स्वतः घेतं." तेव्हापासून संगणकाला शिंक आली तरी फोन जावयाला.

त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

लॅब म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीपासून दारापर्यंत लांब बाक, त्यावर प्लास्टरचे पांढरे जबडे, आणि सगळ्यावर पिठासारखी धूळ, कीबोर्डवरही. कोपऱ्यात सासूबाई मोटरवर दातांना चकाकी देत बसल्या होत्या.

"या," त्या मोटरच्या आवाजावर ओरडल्या. "सकाळपासून यांनी माझं डोकं खाल्लंय. आता तुमचं खाऊ दे."

जावयाने अपडेटची आज्ञा टाइप केली. संगणकाने शांतपणे उत्तर दिलं: सर्व काही अद्ययावत आहे. त्याने साइट उघडली. साइट तितक्याच शांतपणे म्हणाली: आपला ब्राउझर जुना आहे. त्याने पुन्हा अपडेट मागवलं. पुन्हा तेच. दोन्हीकडून इतकी सभ्य भाषा, की त्याला स्क्रीनवर डोकं आपटावंसं वाटलं.

मग त्याने चालू असलेल्या ब्राउझरची आवृत्ती पाहिली. आठ महिने जुनी! त्याच क्षणी वरच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट सरकत आली. त्याने वाचायच्या आत सासऱ्यांनी माउस ओढून तिच्यावर टिचकी मारली. चौकट गेली.

"काय होतं ते?"

"रोज येतं. 'नंतर' म्हटलं की जातं बिचारं."

"बाबा, त्यात काय लिहिलंय?"

"नवीन काहीतरी आलंय, हे बंद करून परत उघडा."

"मग?"

"मग काय? बंद कसं करू? कामं उघडी आहेत!"

जावयाने कपाळाला हात लावला. नवा ब्राउझर आठ महिने डिस्कवर येऊन बसला होता, नव्याच्या जागी त्याहून नवा येत होता, आणि चालू मात्र होता तो पहिलाच. रात्री संगणक नुसता झोपायचा. बंद कधीच नाही. स्क्रीनच्या माथ्यावर टॅबची दाटी झाली होती, एकेक टॅब नखाएवढा. एक टॅब म्हणजे रुग्णालयाच्या साइटवरचं एका जबड्याचं पान. नवं काम आलं की टॅब उघडायचा, दात पोचते झाले की बंद करायचा. डावीकडचं काम घाईचं, उजवीकडचं सावकाश.

"सगळे टॅब परत येतील," जावई म्हणाला. "बंद करतो, उघडतो, जसेच्या तसे." आणि त्याचा हात थांबला. ब्राउझरच्या खिडकीची कड गडद जांभळी होती. "ही खासगी खिडकी कुणी उघडली?"

"मी," सासरे ताठ बसले. "रुग्णालयाने बजावलंय, रुग्णांची माहिती खासगी ठेवा. इथे खासगी म्हणून लिहिलेलंच होतं. कुणाचे किती दात पडलेत, हे जगाला कशाला?"

"खासगी म्हणजे बंद केल्यावर ती काही लक्षात ठेवत नाही."

"उत्तम."

"टॅबसुद्धा नाही, बाबा."

सासऱ्यांनी माउस छातीशी धरला. "मग हात लावू नका."

"एक वाजत आलाय!"

"अहो," सासूबाईंनी मोटर बंद केली, "प्रत्येक जबड्याखाली नंबर कोरलाय ना? नंबर टाकला की पान उघडतं."

"नंबर आहे. क्रम कुठंय?"

"मग जबडेच क्रमाने मांडू," जावई म्हणाला. "मी वाचतो, तुम्ही ठेवा."

आणि तसंच केलं. तो डावीकडून एकेक नंबर वाचू लागला, सासूबाई जबडा शोधून बाकावर ओळीत ठेवू लागल्या आणि सासरे प्रत्येक जबडा बोटभर सरकवून आपणही काही करतोय असं दाखवू लागले. शेवटचा जबडा ओळीत लागताच जावयाने ब्राउझर बंद केला. सासऱ्यांनी तोंड फिरवलं.

नवा ब्राउझर उघडला. साइटने मुकाट्याने आत घेतलं. सासऱ्यांनी पासवर्ड दोनदा चुकवला, तिसऱ्यांदा जमला. संमतीचं बटण दाबलं तेव्हा एकाला चार मिनिटं कमी होती. 'करार स्वीकारला' अशी हिरवी पट्टी आली.

"बघा," सासरे म्हणाले, "होतं की नाही! उगाच घाबरवता तुम्ही."

ओळीतल्या पहिल्या जबड्याचा नंबर टाकून जावयाने पान उघडलं. सासऱ्यांनी चष्मा सरसावला, पान वाचलं, पुन्हा वाचलं.

"हे चुकीचं पान आहे."

"नंबर तोच आहे."

"पण माझ्या टॅबमध्ये दातांची छटा ए-दोन होती. इथे ए-तीन दिसते."

खाली बारीक अक्षरांत नोंद होती: डॉक्टरांनी छटा बदलली, तीन आठवड्यांपूर्वी. सासऱ्यांचा टॅब त्याच्याही आधीपासून उघडा होता आणि एकदाही ताजा केलेला नव्हता. ए-दोनचे दात चकाकी देऊन, डब्यात घालून, संध्याकाळी जायला दाराशी ठेवलेले होते.

सासऱ्यांनी डबा उचलून बाकावर आणला.

"तुम्ही बंद केलं नसतं," ते म्हणाले, "तर आज हे गेलं असतं."

"आणि उद्या परत आलं असतं."

"पण गेलं असतं ना!"

"डबा उघडा," सासूबाई म्हणाल्या. "आणि जावईबापू, पुढचा नंबर टाका. अजून किती जणांचे दात चुकलेत ते तरी कळू दे."

जावयाने शाळेत फोन लावून अर्ध्या रजेची पूर्ण करून घेतली आणि दुसरा जबडा उलटा करून नंबर वाचला.