अण्णांचा तांडेल

टीव्हीवर जाहिरात लागली आणि अण्णांच्या हातातला घास हातातच राहिला. ‘धक्क्यावरचं घर’ पुन्हा येणार होतं. तेच घर, तोच धक्का, अडतीस वर्षांनंतर.

“ठके, अगं पळत ये! आपली मालिका!”

गॅसवरचं दूध तसंच सोडून ठकी धावत आली. ती आता पन्नाशीला टेकली होती आणि औषधांच्या दुकानात दिवसभर लोकांना कुठली गोळी कधी घ्यायची ते समजावून सांगायची. पण ब्याऐंशी वर्षांच्या बापासमोर ठकी ती ठकीच. जाहिरात बघून ती मात्र धास्तावली. कारण अण्णा जिला ‘आपली मालिका’ म्हणत होते, तिचा एकही भाग त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

तेव्हा अण्णा छापखान्यात जुळारी होते. शिशाचा एकेक खिळा उचलून शब्द जुळवायचे, तेही उलटे, म्हणजे कागदावर सुलटे उमटतात. पाळी दुपारी तीन ते रात्री अकरा, आणि मालिका गुरुवारी संध्याकाळी साडेसातला. म्हणून शुक्रवारी सकाळी आई ठकीच्या वेण्या घालायला बसली, की अण्णा चहाचा कप घेऊन समोर ठाण मांडायचे.

“हं, काय म्हणतोय आपला तांडेल?”

तांडेल म्हणजे मालिकेतला म्हातारा होडीवाला. तोंडाने सगळ्या जगाला शिव्या आणि हाताने सगळ्यांची कामं, असा माणूस. अकरा वर्षांची ठकी मान तिरकी करून, आवाज घोगरा करून अख्खा भाग करून दाखवायची. वेणी अर्धी सुटायची, आई ओरडायची, आणि अण्णा इतके हसायचे की चहा लेंग्यावर सांडायचा.

चाळिसाव्या भागात तांडेल वारला.

त्या संध्याकाळी ठकी न जेवताच झोपली. सकाळी अण्णा कप घेऊन येऊन बसले. त्यांचे स्वतःचे वडील जाऊन महिनाही झाला नव्हता. घरात ते कामापुरतं बोलायचे. चेहरा खुलायचा तो शुक्रवारी, या एका प्रश्नापुरता.

“हं, काय म्हणतोय? ताप आला होता ना त्याला?”

ठकी म्हणाली, “उतरला ताप. पेज प्यायला आणि वैद्यालाच शिव्या घातल्या त्याने.”

आईचा हात केसांत क्षणभर थांबला. आदल्या संध्याकाळी तिनेही तो भाग पाहिला होता. मग तिने वेणी नेहमीपेक्षा जरा घट्ट ओढली, एवढंच.

थाप मारणं सोपं, निभावणं अवघड. पुढचे बारा आठवडे ठकीने तांडेलाला पोसलं. टीव्हीवर घरची माणसं त्याची होडी विकायला निघाली होती, तेव्हा ठकीचा तांडेल त्याच होडीतून बेटावर जात होता. मग मालिका संपली. पुन्हा कधी लागली नाही. आई गेली, छापखान्यात खिळे जाऊन संगणक आले, आणि ती थापही कुठेतरी विरून गेली असेल असं ठकी धरून चालली.

रविवारी दुपारी नवा पहिला भाग लागला. अण्णा दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसले होते.

नावं येताच त्यांनी नाक मुरडलं. “अक्षरांमधलं अंतर बघ. दात पडल्यासारखं दिसतंय.”

पुढे तर विचारूच नका. धक्क्यावरच्या घराला काचेच्या भिंती आल्या होत्या. माणसं सगळी इस्त्रीतून काढल्यासारखी. कुणी नुसतं ‘मीठ दे’ म्हटलं तरी ढोल वाजायचे आणि कॅमेरा प्रत्येकाच्या तोंडावरून तीनतीनदा फिरून यायचा.

“मीठच मागितलंय ना तिने?” अण्णा म्हणाले. “का किडनी मागितली?”

ठकी हसली, पण तिचं लक्ष पडद्यावरच्या भिंतीवर टांगलेल्या तांडेलाच्या फोटोकडे होतं. मालिकेतली नात, आता मोठी झालेली, त्या फोटोसमोर उभी राहिली. “आजोबा, तुम्ही गेलात तेव्हा मी सात वर्षांची होते. त्या तापानं तुम्हाला नेलं.”

“खोटं!” अण्णा उठून उभेच राहिले. “साफ खोटं! ताप उतरला होता त्याचा. मूळ मालिका न बघताच लिहायला बसतात की काय ही माणसं?”

“जाऊ द्या हो अण्णा. मालिकाच आहे.”

“जाऊ द्या कसं? चांगला जिवंत माणूस मारला यांनी!”

तीन दिवस अण्णा टेबलापाशी बसून लिहीत होते. बुधवारी त्यांनी चार कागद ठकीच्या हातात दिले. “हे कंपनीला पाठव. आणि वर्तमानपत्रालाही. पुराव्यानिशी लिहिलंय.”

ठकीने वाचलं. त्यांच्या टपोऱ्या, सरळ अक्षरांत एकेक भाग मांडला होता. ‘भाग चव्वेचाळीस. तांडेल बेटावरून हरवलेली शेळी आणतो. परतताना शेळी त्याची टोपी खाते.’ टोपीचं तर ती स्वतःच विसरून गेली होती. अकरा वर्षांच्या पोरीने वेणी घालता घालता सुचेल ते बोलावं आणि या माणसाने ते आयुष्यभर जपून ठेवावं!  पण हे छापून आलं असतं तर सगळ्यांनी अण्णांना वेड्यात काढलं असतं. आणि न पाठवता ‘पाठवलं’ म्हणायचं, तर आणखी एक थाप.

ती त्यांच्यासमोर खाली बसली. “अण्णा, तांडेल चाळिसाव्या भागात गेला होता. पुढचं सगळं मी रचलेलं.”

अण्णांनी तिच्या हातातले कागद काढून घेतले. मग म्हणाले, “म्हणजे बाइंडर खरं बोलत होता.”

“कोण?”

“आमच्या छापखान्यात पुस्तकं बांधायचा तो. त्याची पाळी सुटायची, माझी लागायची. मध्ये वीस मिनिटं चहा. तो म्हणाला, तांडेल गेला. मी सहा जणांसमोर त्याला लबाड म्हणालो. आठ दिवस बोललो नाही. शेवटी तोच आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, माझंच चुकलं, मला मध्येच डोळा लागला होता.” अण्णांचा आवाज चढला. “तुझ्यापायी, ठके! फोन लाव त्याला.”

वर्षाकाठी एकदोनदा दोघांचं बोलणं व्हायचं. ठकीने फोन लावून स्पीकरवर ठेवला.

“बाइंडर, तांडेल मेला होता,” अण्णा एकदम म्हणाले.

पलीकडून खोकल्यासारखं हसू आलं. “आज कळलं होय रे, जुळाऱ्या?”

“तुला झोप लागली नव्हती तर!”

“कसली झोप! तुझे वडील नुकते गेलेले, आणि तू तांडेल जिवंत आहे म्हणून माझी गचांडी धरतोस. मी घरी सांगितलं. बायको म्हणाली, झोप लागली म्हणा, तुमचं काय जातं? मग दर शुक्रवारी तुझ्याकडून ऐकायचो की! आम्ही सगळेच ऐकायचो.”

“सगळ्यांना माहीत होतं?”

“तू सोडून सगळ्यांना. बरं, ते नवं पाहिलंस?”

“भिकार आहे.”

“एकाच्याही हाताला काम नाही रे त्यात! नुसते उभे राहून बोलतात.” मग बाइंडरने विचारलं, “पोरगी आहे का जवळ? पोरी, शेवटचे दोन आठवडे मला दुसऱ्या शाखेत पाठवलं होतं. टीव्हीवरचा शेवट पाहिला मी. तुझा राहिला. काय झालं गं शेवटी?”

ठकी आठवायला लागली. काही म्हणता काही आठवेना.

“ती काय सांगणार?” अण्णा तिच्याकडे न बघता म्हणाले. राग अजून उतरला नव्हता. “मी सांगतो, ऐक. समुद्र शांत असतो. तांडेल होडीला डांबर फासत असतो. तेवढ्यात त्याचे वडील येतात.”

“वडील? तांडेलाचे? शंभरीचे असतील की!”

“एकशे दोन. पण दात शाबूत. मध्ये बोलू नकोस.”

ठकीने चमकून वर पाहिलं. बाकी काही आठवो न आठवो, तांडेलाच्या वडिलांचं तिने कधी नावही काढलं नव्हतं. तिने फोन जरा अण्णांच्या जवळ सरकवला आणि स्वतःही सरकून बसली.

“मग?” बाइंडरने विचारलं.