दोन मिनिटं आधीची घंटा

"थांबा हो ताई, आधी माझं ऐका!" असं म्हणत टोलमावशींनी नर्सचा सुईचा हात वरच्यावर अडवला. समोर त्यांची सोळा वर्षांची, त्यांच्याच शाळेत शिकणारी लेक डोळे गच्च मिटून बसली होती. तिला कालच साखर निघाली होती.

मावशी शाळेत शिपाई. घंटेचे टोल देण्यात तेवीस वर्षं गेली, आणि त्यातली एकोणीस वर्षं रोज मधल्या सुट्टीआधी सामानाच्या खोलीला आतून कडी लावून स्वतःला इन्सुलिन टोचण्यात. स्वतःचं त्यांना काही वाटत नव्हतं. पण तीच कडी आता लेकीच्या नशिबी येणार म्हटल्यावर त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

"डॉक्टर, माझे बाबा काटकुळे, आत्या काटकुळी, मी ही अशी खराट्याची काडी. सगळ्यांना पंचविशीच्या आत साखर. दरवेळी विचारते, असं का? तर म्हणतात, मावशी, गोड कमी खा. अहो, मला गोड आवडतच नाही!"

नव्या डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी आजोबांपासून नातीपर्यंत सगळं घराणं कागदावर मांडलं आणि सुई बाजूला ठेवायला सांगितली. मायलेकींचं रक्त जनुकांच्या तपासणीला गेलं. रोज साखर मोजायची, वाढली तर तडक यायचं, या अटीवर लेक घरी आली.

ते सहा आठवडे मावशींचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. हेडमास्तरांच्या चहात साखरेऐवजी मीठ पडलं. घंटेची वेळ मात्र एका सेकंदानंही हलली नाही. हेडमास्तर आपलं घड्याळ तिच्यावरच लावायचे.

"सापडलं," एके दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींत एक प्रथिन असतं. ते जनुकांवर जाऊन बसतं आणि कुठल्या जनुकानं कधी कामाला लागायचं ते ठरवतं. तुमच्याकडे त्या प्रथिनातच चूक आहे. बाकी सगळं जागच्या जागी."

मावशींनी ते शाळेच्या हिशेबात बसवलं. "म्हणजे मास्तर हजर, पोरं हजर, आणि घंटा द्यायला शिपाईच नाही?"

"अर्धाच आलाय!" डॉक्टरीणबाई आता मात्र खळखळून हसल्या. "इन्सुलिन आत आहे, वेळेवर बाहेर पडत नाही एवढंच. या आजारात छोट्या गोळीनं काम भागतं. लेकीला गोळीच देऊ. तुमच्या सुया माझ्या नजरेखाली हळूहळू उतरवू."

"आणि माझं खाणं?"

"तुमच्या खाण्याचा काहीएक दोष नव्हता, मावशी. कधीच."

एकोणीस वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं. मावशींना तिथेच हुंदका फुटला, आणि लेकीनं पहिल्यांदाच आईला जवळ घेतलं.

दोन महिन्यांनी सुयांशिवायचा पहिला दिवस उजाडला. सकाळची साखर एकशे बारा. मधल्या सुट्टीआधी मावशी सवयीनं सामानाच्या खोलीकडे वळल्या आणि दारातच थांबल्या. आत आता काही कामच नव्हतं. हातात हातोडा होता आणि पोटात कडकडून भूक. त्यांनी घंटा दिली, ती अशी खणखणीत की पार वरच्या मजल्यावरचे फळे थरथरले.

दोन मिनिटं आधी! हेडमास्तर तावातावानं बाहेर आले. मावशी पायरीवर लेकीशेजारी बसून, सगळ्यांच्या देखत, डब्यातला पहिला घास घेत होत्या.

 हेडमास्तरांनी मनगटावरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे केलं आणि ते आत गेले.