महिन्याला सहा शेर

नवऱ्याचं नाव तोंडानं घेणं आमच्यात चालत नाही. पण लिहिलेलं कुणाला ऐकू जात नाही, म्हणून एकदाच लिहिते: नागोजी. ते नैरोबीला, रेल्वेच्या कारखान्यात सुतार होते. अनगोळातून आफ्रिकेला गेलेला पहिला माणूस आपला लेक, हे माझे सासरे रोज एकाला तरी ऐकवल्याशिवाय जेवत नसत. दर महिन्याला पन्नास रुपयांची मनीऑर्डर यायची. एकोणीसशे बत्तीस साली पन्नास रुपये म्हणजे शाळामास्तराचा दोन महिन्यांचा पगार. पोस्टमन गल्लीत शिरला की आमच्या घरच्यांच्या माना आपोआप ताठ व्हायच्या, आणि खोटं कशाला बोलू, सगळ्यांत ताठ माझीच असायची.

तीन वर्षांत त्या पन्नासांतून घरावर मंगलोरी कौलं चढली, नणंदेचं लग्न वाजतगाजत झालं, आणि धाकटा दीर भरमू सायकलवरून बेळगावात हिंडायला लागला. आमची मालू मात्र बापाला फोटोत ओळखायची, तेही टोपीवरून.

शिमगा झाल्यावर त्यांचं पत्र आलं. चंपीला, म्हणजे मला, आणि मालूला इकडं पाठवा, एकट्यानं करमत नाही. महिन्याला किती खर्च येईल त्याचा अंदाज करून कळवा, म्हणजे तशी खोली बघतो. घरात मराठी चौथी पास मी एकटीच, त्यामुळे पत्र वाचलं मी आणि अंदाज करायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. मला तर आनंदानं पेन्सिल धरवत नव्हती.

सासरे, दीर आणि आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, सगळे भोवती बसले. मीठ, रॉकेल, चहा, साखर, गूळ, साबण, वर्षाला दोन लुगडी, मालूची परकरपोलकी, बांगड्या, सणासुदीला थोडं जादा. बेरीज झाली महिन्याला अकरा रुपये सहा आणे.

"आगा बाबो!" सासरे म्हणाले. "आनि त्यो पन्नास पाटिवतोय. म्हंजे तुमी दोगी गेलासा तरी चाळीस येतीलच की घराकडं."

कागद पाठवण्याआधी जाणत्या माणसाला दाखवावा म्हणून मी आणि आत्ती खडेबाजारात आण्णाप्पांच्या दुकानात गेलो. आण्णाप्पा नैरोबीत सात वर्षं शिवणकाम करून आलेले शिंपी. त्यांनी यादी वाचली, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली.

"तांदूळ कुटं हाईत यात?"

"तांदूळ?" मी म्हटलं. "ते घरचेच असतात की."

"घर हितं ऱ्हाणार, बाई. तुमी तितं जाणार."

माझं तोंड उघडं ते उघडंच. अनगोळात आमची भाताची शेती. तांदूळ विकत आणायचा असतो हे मला ठाऊक होतं, पण शहरातल्या लोकांसाठी! आम्ही यादीत घातलं होतं ते फक्त जे बाजारातून येतं ते. बाकीचं असतंच. जन्मापासून होतंच.

आण्णाप्पा विचारत गेले. जळण? शेतातलं. पाणी? आडाचं. दूध? म्हशीचं. न्हावी, परीट, कुंभार? त्यांना सुगीत भात घालतो.

"नैरोबीत खळं न्हाय, बायाक्का," आण्णाप्पा आत्तींना म्हणाले. "पाणी डब्यानं इकत. जळान वजनावर. न्हावी डोकं धरायच्या आदी पैसं मोजून घेतोय. खोलीचं भाडं आयकलासा तर हितंच बसशीला."

आत्ती खरंच खाली बसल्या. "पान्याला पैसं? मग वरीस वरीस पाऊस न्हाय का पडत तितं?"

"पडतोय की. थंडी बी लई. त्या थंडीत भूक तर अशी लागती, मी हितल्या दुप्पट जेवायचो." आण्णाप्पांनी यादी माझ्या हातात परत दिली. "असं करा. त्यानलाच इचारा, तुमी एकटं महिन्याला काय काय किती घेतासा. त्याची अडीचपट करा. तुमी दोगं आनि ती पोर, बरोबर बसतंय."

हे मला पटलं. त्याच दिवशी पत्र टाकलं: खाण्याची, राहण्याची प्रत्येक वस्तू किती लागते, भाव काय, आणि पगारातून कुठं किती जातात, सगळं लिहा. काही लपवू नका, नाहीतर माझा हिशेब चुकेल.

उत्तर यायला दोन महिने लागले. तोवर मी मनानं तीनदा बोटीत बसून आले होते. शेजारणींना नको नको ते सांगून ठेवलं होतं.

पत्र आलं त्या दिवशी मी सोप्यात मांडी घालून बसले, एका बाजूला त्यांचा आकडा आणि दुसऱ्या बाजूला अडीचपट. तीन शिलिंगांचे दोन रुपये. पहिलीच ओळ: पगार दीडशे शिलिंग. मला वाटलं चुकून लिहिलं असेल, कारण जाताना दोनशे दहा ठरला होता. पण पुढं त्यांनीच लिहिलं होतं की मंदीमुळं दोन वर्षांपूर्वी कपात झाली, घरी कळवलं नाही, उगाच घोर नको. दीडशेतले पंच्याहत्तर, म्हणजे आपले पन्नास रुपये, घरी. वीस भाडं, एका खोलीत चौघं. चौदा पाणी, जळण, दिवाबत्ती. पंचवीस दुकानदाराचा हप्ता, दिवाळीच्या पाटल्यांचा, अजून दोन राहिले.

माझ्या हातातल्या पाटल्या मला तेव्हा दिसल्या. गेल्या दिवाळीला मीच लिहिलं होतं, आफ्रिकावाल्याची बायको लंकेची पार्वती दिसते म्हणून. नव्वद रुपये जादा आले होते. ते कुठून आले असतील हे मी विचारलं नाही. मला ते सुचलंसुद्धा नाही. तरी पुढं वाचणं भाग होतं.

खाण्याला उरले सोळा. तांदूळ, महिन्याला सहा शेर. मक्याचं पीठ, चार शेर. डाळ, एक शेर. तेल, पाव शेर. दूध नाही. खाली लिहिलं होतं, "इकडच्या हवेत भूक कमी लागते. रात्री चहा घेतो, पुरतो."

मी पेन्सिल टेकवली आणि अडीचपट करायला गेले. सहाची अडीचपट पंधरा. तिघांना पंधरा शेर? आमच्याकडं तो एकटा माणूस महिन्याला वीस शेर तांदूळ खायचा, वर भाकरी निराळी. सुतारकाम करणारं अंग ते!

"आत्ती," मी म्हटलं, "सहा शेर तांदळावर ते महिना काढत्यात."

आत्तींना अक्षर कळत नव्हतं आणि माझा आवाज ऐकून त्यांना खरंही वाटेना. त्या आत गेल्या, कणगीतून तांदूळ काढून सहा शेर सुपात मोजून घेतले आणि सोप्यात येऊन बसल्या. मग जमिनीवर एकेक ढीग घालायला लागल्या. तीस ढीग घालायचे होते. पहिले दहा जरा मोठे पडले, तर विसाव्यालाच सूप रिकामं झालं. त्यांनी सगळे मोडून पुन्हा घातले. आता तिसावा बरोबर बसला. एकेक ढीग म्हणजे मालूची ओंजळ.

"ह्यो माज्या लेकाचा दिवसभराचा?" आत्ती म्हणाल्या. "ह्यो?"

मी शेवटची ओळ वाचली, वाचायला नको होती तरी वाचली: बोटीचं तिकीट माणशी सत्तर रुपये, ते घरच्या शिलकेतून आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, काढावेत, तीन वर्षांत बरीच शिल्लक पडली असेल.

शिल्लक! सगळ्यांनी वर कौलांकडं पाहिलं, आणि मग कुणी कुणाकडं पाहिलं नाही. तीन वर्षांचे अठराशे रुपये, आणि घरात दहा रुपये रोकड नव्हती.

मी तरी हिशेब पुरा केला. तिघांसाठी खोली साठ शिलिंग, पोटभर खायला साठ, पाणी-जळण वीस, कपडालत्ता आणि मालूची शाळा पंचवीस. एकशे पासष्ट. म्हणजे घरी एक पैसाही पाठवला नाही तरी पगार पंधरा शिलिंगांनी तोकडाच. माझी नैरोबी तिथंच संपली. पण मला रडू आलं ते त्याचं नव्हे.

सासरे खाकरले. "लिवून टाक त्येला. औंदा न्हाय जमत, पुढल्या साली बगू म्हनावं."

"आनि पन्नास?" मी विचारलं.

"ते येऊ देत की. आता कौलांचं थोडं ऱ्हायलंय..."

"सहा शेरात मानूस काय मरत न्हाय, वयनी," भरमू म्हणाला. "धाडतोय न्हवं? म्हंजे चाललंय त्येचं."

सासऱ्यांसमोर मी तोवर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "भावजी, ह्या तीस ढिगांतला एक उचला आनि उद्या दिवसभर त्यावर नांगर धरा. सांजच्याला मला सांगा, चाललंय का न्हाय. आमी हितं सगळ्यांनी मिळून त्या मानसाला खाल्लंय. तुमी सायकल खाल्लीसा, मी ह्या पाटल्या खाल्ल्या!"

सासरे उठून बाहेर गेले. भरमू ढिगांना पाय न लावता भिंतीकडेनं गेला, एवढीच त्याची लाज. आत्ती तांदूळ गोळा करत बसल्या होत्या. एकेक ढीग भरताना त्यांचे ओठ हलत होते, पण काय म्हणत होत्या ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाटल्या पदरात बांधल्या आणि शहापुरातल्या सराफाकडं निघाले. परवानगी कुणाची घेतली नाही. वेशीपाशी मागं पावलं वाजली, तर आत्ती. त्या बरोबर चालू लागल्या. दिवाळीपासून सोन्याचा भाव चढला होता; सराफानं दोनदा कस लावला आणि एकशे दहा रुपये हातावर ठेवले. दोन हप्त्यांचे चौतीस, तिकिटाचे सत्तर. सहा उरतात, ते बोटीतल्या जेवणाला.

पोस्टात गेलो. सोबत पत्र लिहून आणलं होतं: आम्ही येत नाही, तुम्हीच या. दुकानदाराचं देणं भागवा आणि मिळेल त्या बोटीनं निघा. पन्नास पाठवू नका, पाठवलेत तर मी परत करीन. निघेपर्यंत दोन्ही वेळा जेवा.

खिडकीतल्या कारकुनानं मला ओळखलं. "अजून दहा दिवस आहेत तुमची मनीऑर्डर यायला, बाई."

"घ्यायला न्हाय आलो," मी म्हटलं. "पाठवायची हाय. नैरोबीला."

त्यानं पैशांकडं पाहिलं आणि माझ्या मोकळ्या मनगटांकडं. "इकडून तिकडं?" तो म्हणाला. "बारा वर्षं या खिडकीत बसतोय. आफ्रिकेतून पैसे येतात. तिकडं पाठवणारं घर मी आजच बघतोय. तिथं असं कमी काय पडलं हो?"

आत्ती पुढं झाल्या आणि खिडकीच्या गजांना धरून उभ्या राहिल्या.

"भात," त्या म्हणाल्या.

कारकुनानं फॉर्म पुढं ओढला आणि लिहायला लागला.