अर्धं छत

मी एक जुना सौर पॅनल आहे. जुना म्हणजे तसा काही फार जुना नाही, मित्रांनो. आमच्या जातीचे पंचवीस-पंचवीस वर्षं काम करतात आणि मला जेमतेम साडेतीन झालीत. माझी काच तडकलेली नाही, तार जळलेली नाही. तरी गेलं वर्षभर मी रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या एका घरात, जिन्याच्या वरच्या खोलीत, मोडक्या कूलरच्या शेजारी भिंतीला टेकून उभा आहे. सोबत माझे तीन भाऊ आहेत. आम्हां चौघांना धडधाकट असताना उतरवलं. का उतरवलं ते सांगतो, आणि सांगताना माझा आवाज जड झाला तर समजून घ्या.

माझा जन्म गुजरातेतल्या एका कारखान्यात झाला. काळ्या-निळ्या चकत्या एकीला एक जोडल्या, त्यांवर काच बसवली, कडेने ॲल्युमिनियमची चौकट ठोकली आणि दिव्याखाली धरून पाहिलं. पास झालो. मग खोक्यात उभा राहून ट्रकने इतका लांब आलो, की बाहेर काढलं तेव्हा ऊन दिसताच मला रडू आलं असतं. रायपूरचं ऊन! आमच्यासाठी याहून चांगलं सासर नाही.

मालकांचं नाव दिवाकरकाका. मंत्रालयात लेखा विभागात होते. रायपूर राजधानी झाली तेव्हापासून फायली मोजल्या आणि कार्यालय नव्या रायपुरात गेल्यावर बसने जाऊन-येऊन निवृत्त झाले. माणूस अगदी सरळ, पण आकड्यावाचून त्यांना चैन नाही. आम्हाला आणण्याआधी त्यांनी एका वहीत खर्च आणि फायदा अशा दोन रांगा आखल्या होत्या. किंमत किती, सरकारी सूट किती, उन्हाळ्यात बिल किती येतं, किती वर्षांत पैसे वसूल. ती वही मी पुढे पाहिली, कारण रोजचं उत्पादन ते माझ्याच शेजारी बसून तिच्यात लिहायचे. खर्चाच्या रांगेत शेवटी एक ओळ होती: ‘छत – रिकामं पडून आहे, खर्च नाही.’

ही ओळ लक्षात ठेवा, मित्रांनो.

आम्हाला बसवायला धर्मपाल नावाचा मिस्त्री आला, त्या दिवशी आम्ही आठ जण कठड्याला टेकून ऊन खात होतो. तेवढ्यात कुमुदकाकू वर आल्या. दिवाकरकाकांच्या पत्नी. माहेर भंडाऱ्याचं. बुटक्या, हसऱ्या, पदर कमरेला खोचलेला. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं.

“अहो, अर्धं छत तरी सोडा ना मले,” त्या म्हणाल्या. “मी वाळवण कुठं घालू?”

“आता कोण वाळवण करते, कुमुद? गोल बाजारात सारं पाकिटात मिळून राहिलं.”

“पाकिटातलं अनूले पाठवू का मी?” अनू म्हणजे अनुश्री, त्यांची मुलगी, हैदराबादला असते. “अन् प्रेमला, बाकीच्या बाया, त्या कुठं बसतील?”

काकांनी धर्मपालकडे पाहिलं. तो बिचारा आपलं काम सांगणार. “पूरा छत दे दो अंकलजी, तीन किलोवॉट बैठ जाएगा. आधे में क्या फायदा?”

फायदा म्हटल्यावर काका पुढे काय ऐकणार? काकू दोन पावलं मागे सरकल्या, एवढंच. आम्ही आठ जण दोन रांगांत, पार कठड्यापर्यंत बसलो.

खोटं कशाला बोलू, घराला आमचा फायदा झाला. पहिल्या महिन्यापासून बिल उतरलं. वैशाखातल्या दुपारी, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही अशा उन्हात, खालच्या खोलीत एसी चालायचा आणि काका तो बंद करायला उठत नसत. काकू शेजारणीला कौतुकाने सांगायच्या, “आता मले झोपू देतात बाई.” हे ऐकून मी फुगून जायचो. कॉलनीतले लोक आम्हाला पाहायला यायचे आणि काका वही उघडून एकेकाला हिशेब समजावून द्यायचे.

पण त्याच उन्हाळ्यात काकूंनी आमच्या दोन रांगांमधल्या फटीत कुरड्या घालून पाहिल्या. तीन दिवस गहू भिजवायचा, वाटून चीक काढायचा, तो मोठ्या पातेल्यात ढवळत शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. केवढी मेहनत! मी आपलं काम करत होतो आणि माझी सावली त्यांच्या कुरड्यांवर सरकत होती. मला सावली आवरून घेता येत नाही. तिसऱ्या दिवशी कुरड्यांना आंबूस वास सुटला. काकूंनी सगळ्या गोळा करून गाईला घातल्या.

दुसऱ्या वर्षीच्या चैत्रात काका एका लग्नासाठी अभनपूरला गेले. ते फाटकाबाहेर पडले आणि जिन्यात बांगड्या वाजल्या. काकू, शेजारच्या प्रेमलाबाई आणि आणखी तिघी जणी. काकूंनी ओल्या फडक्याने माझी काच पुसली. हात लावून पाहिला. म्हणाल्या, “अगं प्रेमला, हा तर तवा आहे तवा! याच्यावर घालू.”

“भाऊजी काय म्हणतील?”

“भाऊजी संध्याकाळी येतील. तोवर वाळून डब्यात जाते.”

पांढरं धोतर माझ्यावर आणि माझ्या तीन भावांवर पसरलं, चिमट्यांनी चौकटीला अडकवलं आणि त्यावर एकेक कुरडई पडू लागली. पाटावर बसून त्या बायका किती बोलल्या! कुणाच्या सुनेचं, कुणाच्या गुडघ्याचं, भंडाऱ्याच्या तळ्याचं. गरम चीक दूध-साखर घालून वाटीवाटीने खाल्ला. काकू हसता हसता ठसकल्या. धोतराखाली मला अंधार होता, वीज बनत नव्हती आणि आम्ही आठही जण एकाच माळेत असल्यामुळे बाकीच्यांचाही जोर उतरला होता. पण मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस कोणता विचाराल, तर तो हाच.

आमचं उत्पादन काकांच्या मोबाईलवर दिसतं. जेवणाच्या पंगतीतच त्यांनी आकडा पाहिला आणि तो जवळजवळ शून्यावर होता. त्यांना वाटलं, काही जळलं. पान तसंच टाकून निघाले. तीन वाजता धापा टाकत छतावर आले, तेव्हा बायका अजून बसलेल्या होत्या.

“हे काय करून राहिली तू?” काका ओरडले. “काहून घातलं हे इथं? तुह्या कुरोड्यांची किंमत किती अन् ह्या पॅनलची किती, कळते का तुले?”

आणि त्यांनी धोतर ओढलं. कुरड्या अर्ध्या वाळलेल्या, अर्ध्या ओल्या. मोडल्या, फरशीवर सांडल्या. चार बायकांसमोर. कुणी मान वर केली नाही. काकूंनी खाली बसून एकेक तुकडा वेचला, पदरात घेतला.

“प्रेमला, चल खाली,” त्या म्हणाल्या. “चहा ठेवते.”

त्यानंतर कुमुदकाकू कधीच वर आल्या नाहीत. तुळशीची कुंडीसुद्धा त्यांनी खाली नेली. प्रेमलाबाई आणि बाकीच्या बायका तर कशाला येतील? छत साफ आमचं झालं. मी पुष्कळ वीज केली आणि मला तिचं काही वाटेनासं झालं.

काकांचा राग दोन दिवसांत उतरला होता. पण राग उतरला हे सांगायचं कसं, ते त्यांना जमेना. उन्हाळाभर ते नुसते जिन्याच्या तोंडाशी येऊन उभे राहायचे. श्रावणात एकदा त्यांनी खाली हाक मारली.

“येतेस का वर? हवा मस्त सुटली.”

“गुडघे दुखतात,” खालून उत्तर आलं.

काकूंचे गुडघे कधीच दुखत नव्हते. हे मला माहीत होतं आणि काकांनाही. ते माझ्याजवळ येऊन बसले. मग त्यांनी धर्मपालला फोन केला आणि चार पॅनल काढायला काय लागेल ते विचारलं. धर्मपाल म्हणाला, दिवाळीनंतर करू. काकांनी वहीत लिहिलं, ‘दिवाळीनंतर.’ काकूंना मात्र सांगितलं नाही. आधी जागा मोकळी करायची आणि मग त्यांना हाताला धरून वर आणायचं, असं त्यांच्या मनात असावं. अहो काका, नुसतं सांगायचं तरी होतं! मी तोंड नसलेली वस्तू, माझा इलाज नव्हता. तुम्हाला तर तोंड होतं.

दिवाळीला आठ दिवस होते. दुपारी काकूंच्या छातीत कळ आली. शेजाऱ्यांनी गाडी काढली. संध्याकाळी त्यांना परत आणलं तेव्हा गल्लीत माणसं उभी होती आणि ती का उभी आहेत, हे मला वरून कळलं.

तेरावं झालं, अनू हैदराबादला गेली. मग एका सकाळी काका स्टीलचा एक डबा घेऊन वर आले. झाकणावर कागद चिकटवलेला, काकूंच्या अक्षरात: ‘चुरा. ह्यांच्या भाजीसाठी.’ त्या दिवशी पदरात वेचलेले तुकडे काकूंनी नीट वाळवून ठेवले होते. कुरडईच्या चुऱ्याची भाजी काकांना फार आवडते. पावसाळाभर ती त्यांनी कितीदा खाल्ली होती, वर मागूनही घेतली होती आणि चुरा कुठला, हे एकदाही विचारलं नव्हतं. आता डब्यात मूठभर उरला होता. तो डबा मांडीवर घेऊन दिवाकरकाका माझ्यासमोर हमसून हमसून रडले. मी असं माणूस रडताना कधी पाहिलं नव्हतं.

चैत्र लागण्याआधी त्यांनी धर्मपालला बोलावलं.

“चालू पैनल कौन निकलवाता है, अंकलजी?” तो म्हणाला. “बीस साल और चलेगा.”

“निकाल दो. जगह चाहिए.”

“किसके लिए?”

काकांनी आमच्याकडे बोट दाखवलं. आम्ही चौघे उतरलो. काकांनी ती जागा स्वतः धुतली आणि प्रेमलाबाईंना वर बोलावलं. त्या आल्या, मोकळ्या फरशीकडे पाहत उभ्या राहिल्या.

“इथं घाला ना कुरोड्या, वहिनी,” काका म्हणाले. “मी काही म्हणणार नाही.”

प्रेमलाबाईंनी डोळ्याला पदर लावला. “कशी घालू, भाऊजी? चीक तर कुमुदच शिजवे. आम्ही नुसत्या सोऱ्या धरून बसत होतो, तिच्या संगतीनं.”

मित्रांनो, माझ्याविषयी वाईट मनात आणू नका. आम्हाला घरी जरूर आणा. आम्ही बिल कमी करतो, कोळसा वाचवतो, काही मागत नाही, महिन्यातून दोनदा काच पुसली की झालं. पण आणण्याआधी हिशेबाला बसाल, तेव्हा घरातल्या सगळ्यांना जवळ बसवा. छताला रिकामं म्हणण्याआधी विचारा, इथे कोण येतं, काय वाळवतं, कुणाशी बोलत बसतं. आणि चूक झालीच, तर दिवाळीपर्यंत थांबू नका. मलाही जमलं तर एखाद्या गावच्या शाळेला देऊन टाका. अंगात अजून ऊन घ्यायची ताकद आहे.

पण काका मला देतील असं वाटत नाही. सध्या पुन्हा चैत्र सुरू आहे. रोज सकाळी दहाला ते जिना चढतात, या खोलीचं दार उघडतात आणि माझ्या शेजारची काठी उचलतात. मोकळ्या अर्ध्या छतावर ते पांढरं धोतर पसरतात, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवतात. मग स्टुलावर बसून चिमण्या-कावळे हाकतात, ऊन उतरेपर्यंत.

धोतरावर काहीही नसतं.