खुर्चीवर पांघरलेला स्वेटर

मी एक जुना स्वेटर आहे. मित्रांनो, आज मला बाह्या उरलेल्या नाहीत, तरी २००९ साल मला काल घडल्यासारखे आठवते.

त्या वर्षीच्या थंडीत माझ्या मालकिणीच्या, म्हणजे ताईंच्या, आईने मला विणले. रंग गडद हिरवा, कोपरांवर दुहेरी वीण, उजवीकडे एक खोल खिसा. "तुझ्या ऑफिसात गारठा असतो ना, म्हणून," आई म्हणाली. गारठा होताच. पण तिथे मला अंगावर फारसे कुणी घातलेच नाही.

त्या ऑफिसात साहेबांच्या आधी जागेवरून उठणे म्हणजे गुन्हा. साहेब आपल्या काचेच्या खोलीतून बाहेर येत आणि माणसे नव्हे, खुर्च्या पाहत. खुर्चीच्या पाठीवर कपडा असला की माणूस इमारतीतच आहे, असे धरून चालत. मग प्रत्येकाने एकेक कपडा कायमचा आणून ठेवला. ताईंचा मी. त्या चहाला गेल्या, किंवा मागच्या जिन्यात डोळे पुसायला गेल्या, की मी राखण करत बसे. शेजारच्या टेबलावरचे जाडे गृहस्थ, ज्यांना सगळे पंत म्हणत, चिडवायचे, "ताई, तुमच्यापेक्षा हाच जास्त काम करतो. बढती यालाच मिळणार बघा!"

ताई हसत. पण साहेबांनी चारचौघांत "डोकं घरी ठेवून येता का?" असे विचारले, की त्यांची बोटे माझी कड कुरतडत बसत. तिथली वीण अजून उसवलेली आहे.

ताईंच्या धाकट्या भावाचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. शेजारचा गाळा रिकामा होणार होता. एकदा तो ऑफिसच्या दारापर्यंत आला. त्या दिवशी मी नेमका ताईंच्या अंगावर होतो.

"ताई, ये ना गं. गिऱ्हाईक तू सांभाळ, पंक्चर मी काढतो. निदान कुणी अंगावर वसकन येणार तरी नाही."

"एवढी बढती होऊ दे रे."

"हे तू गेल्या वर्षीपण म्हणालीस. शुक्रवारी काय ते सांग. नाहीतर गाळा जातोय."

शुक्रवारी ताई सकाळपासून घड्याळ बघत होत्या. जेवणानंतर त्यांनी मला खुर्चीवर पांघरले. "आज सांगूनच टाकते," असे म्हणत त्या जिन्याकडे गेल्या. कुणाला आणि काय, ते पंतांनी विचारले नाही. फोन माझ्या खिशातच राहिला.

त्या परतल्या नाहीत. खिशात फोन थरथरू लागला. थांबला. पुन्हा थरथरला. मी लोकरीचा, मला हाक कुठून मारता येणार? साहेब आले.

"ताई आहेत ना?"

"आहेत की," पंत मान वर न करता म्हणाले. "स्वेटर आहे ना त्यांचा."

दिवेलागणीला सफाईच्या मावशी जिना पुसायला गेल्या आणि त्यांची किंकाळी आमच्यापर्यंत आली. ताईंना अर्धांगवायूचा झटका आला होता. दुपारपासून त्या पायऱ्यांवर पडून होत्या. लगेच दवाखान्यात नेले असते तर हात वाचला असता, असे नंतर सगळे हळू आवाजात बोलत. त्या संध्याकाळी भावाचा फोन अखेर पंतांनी उचलला. 

बऱ्याच दिवसांनी साहेबांनी पंतांच्या टेबलापाशी उभे राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असा ताईंना फोन लावला. "ताई, लवकर बऱ्या व्हा. तुमची जागा तशीच ठेवलीय."

पलीकडून शब्द अडखळत आले. "जागेवर... स्वेटर आहे ना? मग चाललंय की तुमचं. मी नाही येत आता."

गाळा तोवर दुसऱ्याने घेतला होता. ताई भावाच्या त्याच जुन्या, अरुंद दुकानात बसतात. उजवा हात मांडीवर ठेवून डाव्याने पावत्या लिहायला शिकल्या. पंत सायकलमध्ये हवा भरायच्या निमित्ताने तिथे जातात आणि मावशींना येऊन सांगतात. पंतांनी खुर्चीवरचा स्वतःचा कोट केव्हाच घरी नेला. आईने पुन्हा सुया हातात धरल्या नाहीत. साहेबांना वरच्या मजल्यावर आणखी मोठी काचेची खोली मिळाली.

मला न्यायला कुणी आले नाही. मावशींनी माझ्या बाह्या कापल्या आणि माझा फडका केला. रोज मी त्याच खुर्च्या पुसतो. त्यांच्या पाठींवर आता नवे कपडे असतात.

मित्रांनो, मला ऊब देण्यासाठी विणले होते, राखणीला बसण्यासाठी नाही. खुर्चीवर कुणाचा कपडा दिसला, तर त्या माणसाला एकदा हाक मारा. ओ आली नाही तर उठा आणि शोधा. आम्हाला ओ देता येत नाही.