हार्मची काडतुसं

गुडघे गेले, बायको गेली, आणि जंगलात शिरण्याची उमेदही गेली. हार्म झुइडेमाकडे आता एकच काम उरलं होतं, हिवाळाभर घरी बसून लेकीच्या बंदुकीची काडतुसं भरणं. तेही सुटलं तर सकाळी उठायचं कशासाठी, हे त्याला ठाऊक नव्हतं.

आज हरणांच्या हंगामाचा पहिला दिवस. लेक ट्रिना उजाडायच्या आत मचाणावर गेली होती आणि हार्म रस्त्यालगत गाडीत थंडगार कॉफीचे घोट घेत बसला होता. बंदुकीचा आवाज काही आला नाही. उन्हं वर आल्यावर ट्रिना नारिंगी जाकीट सावरत परतली आणि गाडीत येऊन बसली.

"आलंच नाही काही?"

"आलं होतं. लांब होतं, बाबा."

थापा मारायच्या तर जरा बऱ्या माराव्यात. त्या झाडीत लांब असं काही दिसतच नाही. हार्मने हात पुढे केला. ट्रिनाने नाइलाजाने खिशातून एक काडतूस काढून दिलं. अंगठ्याएवढं जाड, बुडाच्या टोपीवर नखानं टोचावं तसा पुसट खळगा.

"घोडा ओढला आणि नुसतं खट्ट झालं," ती म्हणाली. "गोळी उशिरा सुटली तर, म्हणून मी नियमाप्रमाणे नळी खाली धरून थांबले. तेवढ्यात ते गेलं. काडतुसामागचा बोल्ट माझ्याकडूनच नीट बसला नसणार."

हार्मने पितळेच्या तोंडावर बोट फिरवलं आणि चूक त्याच्या लक्षात आली. ट्रिनाच्या या चारशेपन्नास बोअरच्या बंदुकीचं काडतूस नळीत तोंडाच्या काठावर टेकून राहतं. गोळी बसवल्यावर काठ नुसता सरळ करायचा असतो. त्याने तो आत वळवला होता, जन्मभर रिव्हॉल्व्हरच्या गोळ्यांना वळवला तसा. टेकायला काठच नाही, मग काडतूस आत सरकलं आणि बंदुकीच्या टाचणीचा ठोका हलका पडला. त्याला हे चांगलं माहीत होतं. हाताच्या मात्र लक्षात राहिलं नव्हतं.

"कशाला दोष अंगावर घेतेस? माझं चुकलं. पण मागची दोन वर्षं तर चालली की!"

ट्रिना जाकिटाची चेन वरखाली करू लागली.

"ट्रिना."

"ती दुकानातली होती, बाबा. त्याआधी तुमची दोन उडालीच नव्हती. तेव्हापासून तुमची मी खिशात ठेवायचे. आज तुम्ही स्वतः मॅगझीन भरून हातात दिलंत, तुमच्यासमोर कशी काढू?"

"म्हणजे चर्चमध्ये मी ज्या हरणाच्या बढाया मारल्या..."

"दुकानातल्याच काडतुसानं पडलं ते."

"अगं, मग बोलायचं नाही? बोटं आखडतात, डोळ्यांना दिसत नाही, तरी तुझ्यासाठी कंबर मोडून भरतोय मी!"

"तुम्हाला आवडतं म्हणून गप्प बसले. मलाही कंटाळा आला होता हो, दरवर्षी लपवाछपवी करून."

"आवडतं कुठलं! नाही म्हटलं तर तू हिरमुसशील म्हणून."

दोघंही हसली, पण दमल्यासारखी. हार्मला खरंच हलकं वाटलं. ट्रिनाने सीटखालून दुकानातल्या काडतुसांचा डबा काढला आणि मॅगझीन रिकामं करून पुन्हा भरलं. तिचे हात भराभर चालले होते. हार्म बघत राहिला.

"जा, संध्याकाळपर्यंत येईल एखादं."

ती दार उघडून उतरली तेव्हा त्याने तिची बाही धरली.

"ट्रिना, मग हिवाळाभर मी काय करू गं?"